लोळवायचं पिंप, ६० लिटर : घाटीत नापास, शाळेच्या सड्यावर पास

दोन महिने वापरून मगच लिहितोय. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप डिलीट करायला लागलं असतं.

वस्तू काय ते आधी सांगतो. जाड प्लॅस्टिकचं आडवं पिंप, एका बाजूला वायसरवालं झाकण आणि दोन्ही टोकांना अडकवलेली लोखंडी पाइपची दांडी. पाणी आत आणि पिंप हेच चाक. बावीवर (विहिरीवर) भरायचं, झाकण आवळायचं, आडवं पाडायचं आणि दांडी धरून ढकलत नाहीतर ओढत घर गाठायचं, डोक्यावर काही नाही कमरेवर काही नाही. किंमत २,९०० रुपये, वर टेम्पोवाल्याने ३५० घेतले. मूळ आयडिया दक्षिण आफ्रिकेतली, तिकडे दोघा जणांनी १९९१ साली हिप्पो रोलर नावाने काढली, तो ९० लिटरचा. माझं पिंप म्हणजे त्याची इकडची नक्कल, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, का ते खाली येईलच.

आता ज्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथल्या माणसाला असलं पिंप कशाला हवंय, हा प्रश्न घाटावरच्यांना पडेल, इकडच्यांना नाही पडणार. आमचं घर देवगड तालुक्यात, सड्याच्या (जांभ्याच्या कातळाचं पठार) खालच्या अंगाला. जांभ्यावर पडलेलं पाणी चाळणीतून जावं तसं जातं, जुलैत घराच्या मागून व्हाळ धो धो वाहतो आणि शिमगा झाला की त्याच व्हाळात पोरं क्रिकेट खेळतात. वाडीत नळ आलाय, मार्चनंतर त्यातून मुख्यतः हवा येते. मग एप्रिल-मे दोन महिने खालची बाव. ती आटत नाही ही देवाची कृपा, पण ती खाली आहे आणि आम्ही वर, हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण मी पैसे भरताना ठेवला नव्हता.

पिंप घेतलं ते खरं तर बावीमुळे नाही, चिवीमुळे.

चिवी हा झिम्बाब्वेतला जिल्हा, मास्विंगो प्रांतात. १९९० ते १९९३ मी तिकडच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवायला होतो. १९८० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे माध्यमिक शाळा दोनशेच्या आत होत्या, दहा वर्षांत दीड हजाराच्या आसपास गेल्या. गावागावात आईबापांनी स्वतः विटा पाडून वर्ग उभे केले, वर्ग झाले पण गणित-सायन्सला मास्तर पुरेनात, म्हणून आमच्यासारखे बाहेरचे कॉन्ट्रॅक्टवर. घरी सगळ्यांना वाटलं मी सिंहांच्यात चाललोय. सिंह तीन वर्षांत एकही दिसला नाही, बकऱ्या मात्र भरपूर, वर्गातसुद्धा.

तिकडचा पाऊस नोव्हेंबर ते मार्च, चांगल्या वर्षी ५००-६०० मिलिमीटर. आमच्याकडे एकटा जुलै त्याहून जास्त पाडून जातो. तेवढ्या पावसावर मका घ्यायचा, आणि मका नाही आला तर ज्वारी, बाजरी, नाचणी. हो, नाचणी! तिकडे रापोको म्हणतात, आणि ती मुळात आफ्रिकेचीच, आपण हजारो वर्षं आपली म्हणून खातोय. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात तो साद्झा, हाताने मोडून पालेभाजीबरोबर खायचा, आपल्या उकडीचा थोरला भाऊ म्हणा. नाचणीची मात्र ते लोक बिअर करतात. हे मी आईला पत्रात कळवलं तर तिचं उलट पत्र आलं, त्यांना एकदा भाकरी थापून दाखव.

शोना भाषेत पाणी आणि पाऊस दोन्हीला एकच शब्द, म्वुरा. मला आधी गंमत वाटायची, नंतर कळलं की तिथे त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. आणि सकाळी भेटल्यावर विचारायचं, नीट झोपलात का, तर उत्तर असं की मी नीट झोपलो, तुम्ही झोपला असाल तर. रोज सकाळी पन्नास पोरं हे म्हणायची आणि मी हजेरी घ्यायचो. त्या हजेरीचीच गोष्ट सांगायची आहे.

१९९१ चा नोव्हेंबर कोरडा गेला, डिसेंबर कोरडा गेला, आणि जानेवारी ९२ मध्ये नवीन शाळा वर्ष सुरू झालं (तिकडे जानेवारीत सुरू होतं) तेव्हा मका गुडघ्याएवढा होऊन वाळलेला. त्या दुष्काळात देशात दहा लाखांवर गुरं मेली म्हणतात. आपल्याला वाटतं गुरं म्हणजे दूध आणि नांगर, तिकडे गुरं म्हणजे बँक, मुलाची फी भरायची वेळ आली की एक बैल विकायचा. त्या वर्षी सगळेच विकायला निघाले, विकत घेणारा कोण, हाडं आणि कातडं राहिलेलं जनावर कवडीमोलाने गेलं आणि त्याबरोबर कुणाकुणाची फॉर्म थ्री (माध्यमिकचं तिसरं वर्ष) गेली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तर नांगराला बैल नाही. हे असं दोन-दोन वर्षं पुरतं.

तर हजेरी. पहिला तास माझा, गणिताचा, फॉर्म टू. मुली उशिरा यायला लागल्या. आधी तीन-चार, मग दहा-बारा. युनिफॉर्म धुतलेला इस्त्री केलेला (कोळशाची इस्त्री, दुष्काळ असो काही असो युनिफॉर्मला सुरकुती नाही), पण अर्धा तास उशीर. मी लाल पेनाने 'उशीर' लिहायचो आणि मागे उभं करायचो. मला वाटायचं शिस्त लावतोय. मग एकदा माझंच पाणी संपलं, शाळेचा माणूस आजारी होता, म्हणून मी बादली घेऊन पहाटे चारला पंपावर गेलो. बुश पंप म्हणून निळा हातपंप असतो, तिकडचाच, १९३३ साली मातबेलेलँडमध्ये जन्मलेला आणि नंतर सुधारत गेलेला, दांड्याला कठीण लाकडाचा ठोकळा, मजबूत एकदम. पण पंप कितीही मजबूत असला तरी खाली पाणी हवं ना, दहा-बारा बादल्या निघाल्या की थांबायचं, पाणी भरायची वाट बघायची. तर त्या अंधारात बादल्यांची रांग, आणि प्रत्येक बादलीशेजारी घोंगडीत गुंडाळलेलं एक गाठोडं झोपलेलं. मी टॉर्च मारला तर माझा फॉर्म टू. अर्धा वर्ग. एकीच्या उशाशी गणिताची वही होती.

त्यांनी उठून रीतीप्रमाणे विचारलं, सर नीट झोपलात का. मला काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही.

त्या दिवशी हेडमास्तरांकडे गेलो आणि गणित तिसऱ्या तासाला घेतलं. पहिल्या तासाला वाचन ठेवलं, जो येईल तो बसेल. एवढंच केलं, फार काही केलं नाही. मुलगे पण पाणी आणायचे, खोटं कशाला बोलू, पण ते स्कॉच कार्टवर, म्हणजे दोन चाकी बैलगाडी किंवा गाढवगाडी, त्यावर २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम. गुरं मेली तशा गाड्या थांबल्या आणि सगळं मुलींच्या डोक्यावर आलं, २० लिटरची बादली, खाली कापडाची चुंबळ. चुंबळीला तिकडे 'हाता' म्हणतात. मी आईला हे पण लिहिलं होतं, चुंबळ इथेही आहे गो.

दोन वर्षांमागे, २०२४ ला, एल निनोने परत तोच दुष्काळ आणला, झिम्बाब्वेने ३ एप्रिलला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, झांबिया आणि मलावीने त्याच्याही आधी. त्या पंपावरच्या पोरींपैकी एक आता स्वतः शिक्षिका आहे, तिने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, वाळूच्या पायवाटेवरून एक पोरगा असलं पिंप लोळवत चाललाय, शिट्टी वाजवत असावा असा चेहरा. खाली तिने लिहिलं होतं, सर, आम्हाला हे तेव्हा का नाही मिळालं. मी तो फोटो बायकोला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, आणि पुढे इकडे कुणीतरी तसंच बनवतंय म्हटल्यावर हिशेब न करता ऑर्डर देऊन बसलो. गणिताचा मास्तर!

पिंप आलं त्या दिवशी वाडी जमली. "गुरुजी, ह्यां काय हाडलात? रस्त्याचो रोलर?" एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं.

बावीकडे जायची आमची घाटी म्हणजे वरच्या अर्ध्यात नुसता उतार आणि खालच्या अर्ध्यात जांभ्याच्या पायऱ्या, त्या पण कोणी आजोबांनी घातलेल्या, एकीची उंची दुसरीला नाही. पिंप खाली रिकामं नेलं ते उड्या मारत गेलं, मजा आली. भरलं. ६० लिटर म्हणजे ६० किलो, पिंप-दांडी धरून ६८. पायऱ्यांवर चाक चालत नाही हे चौथीतल्या पोराला कळतं, मला २,९०० दिल्यावर कळलं. दोघांनी उचलून एकेक पायरी चढवत वर आणलं, म्हणजे पालखीच झाली. पुढचा उतार साधारण पाचाला एक. सपाटीवर ६८ किलो लोळवायला बोटाचा जोर लागतो, या चढावर १३-१४ किलोचा जोर सतत लावत राहायला लागतो, आणि थांबता येत नाही, कारण थांबलं की ते मागे यायला बघतं. ब्रेक नाही. हे कारखानदाराला मी फोनवर विचारलं तर म्हणाला ब्रेक कशाला काका, पिंपच आहे ते. तिसऱ्या खेपेला पुतण्याने मधेच मोबाईल बघायला एक हात सोडला आणि पिंप निघालं परतीच्या वाटेला. शेजाऱ्यांचा गडगा नसता तर थेट बावीत गेलं असतं. गडग्याचे चार दगड गेले, काजूची दोन कलमं गेली, पिंपाला काही झालं नाही. मजबुतीला पूर्ण मार्क, हे लिहून ठेवा.

शेजारच्या वहिनी सत्तरीच्या आहेत, अजून दोन कळशा एका वेळी आणतात. त्यांना म्हटलं तुम्ही एकदा करून बघा. माझ्यावर मेहेरबानी म्हणून त्यांनी एक खेप केली आणि ओटीवर बसून निकाल दिला, "पाणी घराक इला खरा, पण माजो जीव घाटयेतच रवलो." बायको एवढंच म्हणाली, अहो, तुमची आफ्रिका आधी सपाट होती.

तेच तर. ती जमीन वाळूची, सपाट, त्रास लांबीचा. पंप तीन-चार किलोमीटरवर, पण वाट सरळ. आमच्याकडे बाव दोनशे मीटरवर आणि त्रास उंचीचा. दुरून दोन्हीकडे बाई डोक्यावर पाणी घेऊन चाललेली दिसते म्हणून मी दोन्हीकडचं दुखणं एकच समजलो, आणि औषध मागवलं. घाटीत राहणाऱ्यांनी हे पिंप घेऊ नये. सरळ सांगतो. त्या पैशात चार घरांनी मिळून वर्गणी काढा आणि छोटी मोटर नि पाइप बघा.

मग तीन आठवडे पिंप पडवीत पडून होतं, मांजर त्यावर झोपायचं.

शाळेची आयडिया माझी नाही, शाळेच्या पोषण आहाराच्या ताईंची. आमची जिल्हा परिषदेची शाळा वर सड्यावर आहे, पट सतरा, दोन शिक्षक, बाकीची पोरं मुंबईला. शाळेपासून बोअर अडीचशे-तीनशे मीटरवर रस्त्याच्या कडेला, आणि मधे पूर्ण सपाट कातळ. ताई रोज भात-आमटीचं, भांड्यांचं, पोरांच्या पिण्याचं पाणी कळशीने आणायच्या, सात-आठ खेपा. पिंप नेलं आणि दोन खेपांत काम संपलं. मी उभा राहून बघितलं, ताई एका हाताने दांडी ओढत दुसऱ्या हाताने फोनवर बोलत येत होत्या. तो फोटो काढून चिवीच्या त्या शिक्षिकेला पाठवला. तिचं उत्तर आलं, सर, जमीन कोरडी आहे पण झाडं किती हिरवी! (हापूसची बाग होती मागे.)

पोरांबद्दल एक सूचना, चौथीपर्यंतच्यांना भरलेलं पिंप देऊ नका. सपाटीवर हलकं लागतं म्हणून पळवतात, आणि ६० किलो एकदा वेगात आलं की चौथीतलं पोरगं ते थांबवू शकत नाही. आमच्याकडे अर्ध्या भरलेल्याची शर्यत झाली, एकाचा अंगठा सुजला. आता नियम आहे, पोरांनी फक्त रिकामं न्यायचं, भरलेलं ताई नाहीतर गुरुजी आणणार.

आता बारीकसारीक. तोंड लहान आहे, हात आत जात नाही, त्यामुळे आतून घासता येत नाही, महिन्याभरात शेवाळाचा हिरवा थर दिसला. आम्ही मूठभर बारीक खडी आणि पाणी घालून लोळवून काढतो, निघतं बऱ्यापैकी, पण पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. पहिला आठवडा प्लॅस्टिकचा वास येतो. कातळावर घासून घासून बाहेरून पांढरे चरे पडलेत, वाळूवर ते दहा वर्षं टिकेल, जांभ्यावर किती टिकेल ते बघायचं. दांडीची खिळ गंजायला लागलीये, समुद्र चार किलोमीटरवर आहे तर स्टीलची द्यायला नको? आणि झाकणाची वायसर दीड महिन्यात गेली, आडवं केलं की थेंब थेंब गळतं. कारखान्याला फोन केला, पैसे भरण्याआधी पहिल्या रिंगला उचलायचे, आता सोळा कॉल झाले. नाव लिहून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, पण त्यांनी वाचलं तर समजेल.

एक हिशेब मात्र मला सुट्टीत झोपू देईना, तो इथेच मांडतो. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी. आमच्या शाळेचं छप्पर साधारण तेवढंच आहे. चिवीच्या शाळेला तेवढ्या छपरावर वर्षाला ५५ हजार लिटर मिळेल. आमच्या शाळेला तीन लाख. आणि आमच्या छपराला पन्हळ नाही! पन्हळीचा एक तुकडा होता तो वादळात गेला. तीन लाख लिटर अंगणात पडून समुद्राला जातं आणि आम्ही बोअरवरून ६० लिटर लोळवत आणतो आणि फोटो काढतो.

चिवीच्या शेजारी झ्विशावाने म्हणून जिल्हा आहे, तिथे झेफानाया फिरी मासेको नावाचे शेतकरी होते, आमचे हेडमास्तर त्यांच्याबद्दल फार बोलायचे. १९६४ साली राजकारणापायी रेल्वेतली नोकरी गेली, हाताशी तीनेक हेक्टर कोरडी जमीन आणि तिच्या डोक्यावर उघडा ग्रॅनाइटचा खडक. लोकांना तो खडक म्हणजे शाप वाटावा, यांनी त्यालाच छप्पर समजलं, त्यावरून धावणारं पाणी दगडी बांध घालून हळू केलं, खड्ड्यांत मुरवलं, आणि त्या भागात भाजी, फळझाडं, मासे असं सगळं केलं. लोक लांबून बघायला यायचे. २०१५ ला वारले. मी तीन वर्षं शेजारच्या जिल्ह्यात राहून बघायला गेलो नाही, पुढच्या सुट्टीत जाऊ म्हणत राहिलो. आणि आता सड्यावर उभा राहिलो की मला तो खडकच दिसतो, आमच्याकडे तर मैलोन् मैल आहे. ग्रॅनाइट पाणी पीत नाही आणि जांभा सगळं पिऊन खाली सोडतो हा फरक आहेच, त्यामुळे त्यांचे खड्डे जसेच्या तसे इथे चालणार नाहीत, छपराचं पाणी टाकीत घेणं मात्र चालेल. या बाबतीत मी आता फोटो बघून ऑर्डर देणार नाहीये, आधी शाळेत जाऊन टेपने मोजलं. पन्हळ दोन्ही बाजूंना मिळून ३६ मीटर लागते, पाच हजार लिटरची टाकी ठेवायला चौथरा आहे. पाच हजार म्हणजे शाळेला जेमतेम सहा-सात आठवडे, मे महिन्यापर्यंत पोचणारच नाही हे मलाही कळतं. पण जून ते ऑक्टोबर तरी ताईंचं लोळवणं सुटेल, तेव्हाही ते चालूच असतं, कारण पावसात बोअरचं पाणी लाल येत असलं तरी तेच आणायला लागतं. मुंबईवाल्यांच्या ग्रुपवर टाकलंय, गणपतीला येतील तेव्हा बोलू म्हणाले.

पिंपाला पाचात तीन. सपाट जागा असेल, शाळा, बाग, गोठा, तर साडेतीन धरा आणि घ्या. घाटी असेल तर एक, तोही मजबुतीचा.

आणि ती वायसर, बाहेरून ११ सेंटिमीटर, मधे खाच असलेली, काळी रबरी. देवगडात दोन दुकानं फिरलो, कणकवलीत एक, कुकरची देतात ती बसत नाही. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावलाय. कुणाला ही कुठे मिळते माहीत असेल तर सांगा.